बाजारच्या दिवसाचं ऊन

साल होतं १९८३. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबर उजाडताच येऊन गेली होती, आणि बांध्यांमधलं धान कापून खळ्यावर आलं होतं. मोहाडीहून तुमसरकडे जाताना एक फाटा लागायचा. त्या फाट्यापासून चार किलोमीटर आत पिंपळटोला नावाचं गाव होतं. एस.टी. फाट्यावरच सोडायची, पुढे पायी. फक्त मंगळवारी, गावच्या बाजारासाठी, भंडाऱ्याहून एक बस थेट गावात यायची. बसच्या टपावर कोंबड्यांच्या टोपल्या, आत बांगडीवाल्या, मिरचीवाले, आणि महिना-दीड महिन्यातून एकदा त्यांच्यातच अंग चोरून बसलेले श्यामराव सर.

श्यामराव याच गावचे. नागपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. सूर्याच्या उन्हात डोळ्यांना न दिसणारे जे अतिनील किरण असतात, ज्यांनी कातडी रापते आणि कापडाचा रंग उडतो, ते मोजण्याचं एक यंत्र त्यांनी १९८० साली गावात आणलं. ते कुठे बसवायचं, यावर पारावर बरीच चर्चा झाली. झाडाची सावली नको, कौलांचा उतार नको. गावात सिमेंटची सपाट गच्ची तेव्हा एकाच घराला होती, टेकचंद कोष्ट्याच्या. आणि त्या घरची सून, चंद्रकांता, लाखांदूरहून मॅट्रिक होऊन आलेली. विज्ञानात तिला चांगले मार्क होते. पुढे शिकायचं तिच्या मनात होतं, पण त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, आणि मग हातात आला मागाचा ताणा आणि सूत भरायचा रहाट.

यंत्र म्हणजे एक खांब, त्यावर काचेची छोटी घुमटी, आणि तिथून निघालेली तार गच्चीवरच्या खोपटीतल्या पेटीला जोडलेली. पेटीत एक काटा. पोरं त्या घुमटीला ‘चंद्राबाईचं अंडं’ म्हणायची.

“कवा फुटन वो तुमचं अंडं?” तिचा नवरा टेकचंद मागावरून ओरडून विचारायचा.

“फुटलं की तुमालेच पोसा लागन,” ती वरून उत्तर द्यायची.

पण काम ती देवपूजेसारखं करायची. सकाळी बाटलीतलं शुद्ध पाणी घेऊन, नवऱ्याच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने घुमटी पुसायची. मग नऊ ते तीन, दर अर्ध्या तासाला जिना चढायची, काटा बघायची आणि वहीत लिहायची. खाली चुलीवर वरण उतू गेलं तरी चालेल, पण साडेअकराचा आकडा साडेअकरालाच. वहीत चार रकाने सरांनीच आखून दिले होते: तारीख, वेळ, काटा, आकाश. आकाशाच्या रकान्यात लिहायचे शब्दही तीनच दिले होते. निरभ्र, अंशतः ढगाळ, ढगाळ.

पाचवा रकाना तिने स्वतः घातला होता, वाराचा. तारखेच्या आधी, समासात, बारीक अक्षरात. मंगळ, बुध, गुरू. तिच्या माहेरी कोणतीही गोष्ट वारावरूनच सांगायचे. पाऊस कधी आला, तर बाजाराच्या आदल्या दिवशी. मामा कधी आला, तर बाजार होऊन दोन दिवसांनी. वार लिहिल्याशिवाय तारीख तिला उघडी वाटायची, डोक्यावर पदर नसल्यासारखी.

सरांनी पहिल्याच वही-तपासणीत ते पाहिलं आणि हसले होते. “चंद्रकांताबाई, हे वार कशाला? आपली वही उपग्रहाशी ताडून पाहायची आहे. उपग्रहाला वार नसतो.”

ती ओशाळली, पण सवय सुटली नाही.

उपग्रहाचं सरांनी घरातल्या सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. अमेरिकेचा एक उपग्रह रोज दुपारी बाराच्या सुमाराला आपल्या भागावरून जातो. तो वरून ओझोन मोजतो, ढग पाहतो, आणि त्या आकड्यांवरून खाली जमिनीवर किती अतिनील किरण पोचले असतील याचं गणित मांडता येतं. पण ते शेवटी गणितच. खरोखर किती पोचले हे जमिनीवर मोजणारं कोणी हवं. म्हणून ही गच्ची, ही घुमटी.

चंद्रकांताची सासू शेवंताबाई तेव्हापासून दुपारी बाराला अंगणात आली की पदर नीट करायची. “वरून पाहून राहिला ना तो मेला!”

तीन वर्षं अशी गेली. पाच वह्या भरल्या. गावातल्या बाया म्हणायच्या, उन्हात काय असते लिवण्यासारखं? चंद्रकांता हसून सोडून द्यायची. लुगड्याच्या काठावरची नक्षी तिची नव्हती, ती सासऱ्यांच्या काळापासूनची. मागही त्यांचाच. घरात एकच गोष्ट तिची स्वतःची होती, त्या पाच वह्या.

बावीस नोव्हेंबरच्या मंगळवारी सर आले ते नेहमीसारखे हसत नव्हते. काखेत कागदाचा एक जाड गठ्ठा होता, कडेला भोकं असलेला, एकाला एक जोडलेला लांबच लांब कागद. गच्चीवरच्या यंत्राच्या पहिल्या दोन वर्षांसाठी उपग्रहाच्या आकड्यांवरून मांडलेला हिशेब एकदाचा नागपूरला पोचला होता. दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीत त्यांचं स्वतःचं यंत्र, चंद्रकांताचं यंत्र पारखायला प्रत्येक वेळी आणायचे ते.

गच्चीवर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली. बारा वाजता दोन्ही काटे एकाच जागी, बासष्टवर.

“यंत्र बरोबर आहे,” सर म्हणाले. खाली बाजाराचा गलका चालला होता. शेवटी त्यांनी कागदाची घडी उलगडली.

“बाई, हिवाळ्यातले निरभ्र दिवस मी काढले. तुम्हीच निरभ्र लिहिलेले. उपग्रहाच्या हिशेबाने इथे साठ-बासष्ट यायला हवं. तुमच्या वहीत चाळीस, बेचाळीस. जवळजवळ एक तृतीयांश कमी. रोज.”

“रोज?”

“रोज नाही. हीच तर अडचण आहे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मी ज्या ज्या दिवशी इथे आलो, त्या त्या दिवशी तुमचा आकडा बरोबर जुळतो. मी नसतो, तेव्हा बहुतेक जुळत नाही.”

चंद्रकांताला आधी अर्थ कळलाच नाही. कळला तेव्हा कानशिलं तापली.

“म्हणजे तुमी नसले की मी वर येतच नाही, असं म्हणून राहिले का सर? खाली बसून आकडे घालते?”

“मी तसं म्हटलं नाही. घरात माणसाला कामं असतात. चुकून एखाद्या दिवशी...”

“तीन वर्षं चुकून?”

सरांनी गठ्ठ्याची घडी घातली. “पंधरा दिवसांनी मला तुलनेचा अहवाल पाठवायचा आहे. हे असंच राहिलं तर तुमच्या वह्या त्यातून वगळाव्या लागतील. यंत्रही दुसरीकडे न्यावं लागेल. मला वाईट वाटतं, बाई. हे कागद इथे ठेवतो, माझ्याकडे दुसरी प्रत आहे. काही आठवलं तर कळवा.”

संध्याकाळच्या बसने ते गेले. चंद्रकांता गच्चीवरच उभी राहिली. यंत्र गेलं तर जावो, पण गावात शब्द राहील. कोष्ट्याच्या सुनेने खोटे आकडे लिहिले. आणि त्या वह्या, ज्यांच्यासाठी तिने जिन्याच्या पायऱ्या झिजवल्या, त्या कुठल्यातरी खोलीत ‘वगळलेल्या’ म्हणून पडतील.

जेवताना टेकचंदने विचारलं, “काय झालं? तोंड काहून उतरलं?”

तिने सांगितलं. टेकचंदच्या हातातला घास हातातच राहिला.

“त्या शाम्याले सांग, माह्या घरची बाई तापात असली तरी जिना चढली हाये. मी सोता पाहिलं. दोनदा तर मीच धरून वर नेलं.”

“तुमी सांगून काय होते? तुमी माहे नवरे.”

“मंग उपग्रह काय तुहा नवरा हाये, त्याचं खरं मानायले?”

शेवंताबाई पदराआड हसली, पण चंद्रकांताला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून ती दुपारचे आकडे लिहून झाले की खोपटीतच बसायची. एका मांडीवर वही, समोर तो लांब कागद, टोकं उडू नयेत म्हणून त्यावर दोन खडे. कागदावर नुसत्या तारखा आणि आकडे. आपल्या वहीतला दिवस, कागदावरचा दिवस. कमी. कमी. कमी. सर खोटं बोलत नव्हते. मग एक जुळला. तिने त्यावर पेन्सिलीने टिंब केलं. पुन्हा कमी, कमी, आणि पुन्हा एक जुळला. दोन डिसेंबर १९८०. नऊ डिसेंबर १९८०. सर त्या डिसेंबरात आलेच नव्हते. त्यांच्या कॉलेजात परीक्षा होत्या, हे तिला पक्कं आठवत होतं, कारण त्यांनी आणून दिलेलं शुद्ध पाणी संपल्यावर महिनाभर तिने ते मोहाडीच्या दवाखान्यातून मागून आणलं होतं.

मग ते दोन दिवस जुळले कसे?

तिने समासाकडे पाहिलं. मंगळ. मंगळ.

शुक्रवारी दुपारपर्यंत तिने दोन्ही हिवाळे तपासून काढले. जुळणाऱ्या प्रत्येक दिवसावर टिंब होतं आणि प्रत्येक टिंबाच्या शेजारी समासात तिच्याच अक्षरात एकच शब्द. सर आलेले मंगळवार, आणि न आलेलेही. सर येतात म्हणून आकडा जुळत नव्हता. सरांची बस मंगळवारी येते म्हणून तसं दिसत होतं.

पण मंगळवारी होतं काय? ऊन तर सगळ्या दिवशी तेच. तिने डोकं खाजवलं, मंगळवारच्या उन्हात वेगळं काय असतं, असं सासूला विचारलं, नवऱ्याला विचारलं. टेकचंद म्हणाला, “मंगळवार बजरंगबलीचा वार.” तेवढ्यावरच राहिलं.

कारण सापडलं नाही, तरी तिने पोस्टकार्ड लिहिलं. आजही तिला त्यातला शब्द न् शब्द आठवतो.

‘ती. स्व. श्यामराव सर यांस सा. न. वि. वि. आपण न आलेल्या मंगळवारीही आकडा उपग्रहाशी जुळतो. वार वहीत लिहिले आहेत. कृपा करून एकदा आपले यंत्र घेऊन बुधवारी यावे. येण्याआधी कळवू नये.’

शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. उद्धटपणा वाटेल का? वाटू दे, म्हणाली, आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.

बुधवार, सात डिसेंबर. सकाळी दहा वाजता गल्लीत सायकलची घंटी वाजली. फाट्यावर उतरून सर चालत निघाले होते. वाटेत टेकचंदला दिसले, तर त्याने यंत्राची पिशवी हँडलला अडकवली, सरांना मागे कॅरियरवर बसवलं आणि हाकत आणलं. सरांच्या पँटला धुळीचा पट्टा, केस विस्कटलेले.

“काकी, पाणी द्या,” ते शेवंताबाईला म्हणाले.

“शाम्या, नागपूरले राहून पाय मऊ झाले का रे तुहे? चार कोसावर शाळेत जात होता ना?”

गच्चीवर दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली. चंद्रकांता काट्यापासून लांब उभी राहिली, हात मागे बांधून. आज आकडा तिला लिहायचा नव्हता. बारा वाजले. सरांनी वाकून आपला काटा पाहिला, मग तिचा. मग पुन्हा आपला.

“एक्केचाळीस,” ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. “दोन्हीकडे एक्केचाळीस.”

तिचे डोळे भरून आले होते, ते दिसू नयेत म्हणून तिने वही पुढे केली. सरांनी टिंबं पाहिली, समास पाहिला. पानं उलटत उलटत ते तिथेच खोपटीच्या उंबऱ्यावर बसले.

“बाई, मी...” मग मास्तरकी परत आली. “पण का? आकाश आज कसं आहे?”

“निरभ्र,” ती म्हणाली. “एक ढग नाही जी.”

सरांनी मान वर केली. ढग खरंच नव्हता. ते बघत राहिले.

तेवढ्यात खालून शेवंताबाईचा आवाज आला. टेकचंदने खळ लावलेलं पांढरं सूत अंगणात पसरायला काढलं होतं, आणि ती त्याच्यावर खेकसत होती.

“ने आत ते! आज काय मंगळवार हाये? पुऱ्या सुतावर काजळी पडन. इतकी वर्सं झाली, तुले अजून कळून नाही राहिलं?”

सर ताडकन उभे राहिले. “काकी, काजळी कसली?”

“कसली मंजे? मिलची! कोष्टीपुऱ्यात सूत मंगळवारीच वाळवतेत. मंगळवारी मिल बंद ना, सारे हमाल बाजारात. बाकी दिवस पाहाटेपासून भट्टी पेटते.”

गच्चीच्या कठड्याला धरून सरांनी पूर्वेकडे पाहिलं. लक्ष्मणरावांची राइस मिल गावाच्या कडेला होती, गच्चीपासून दोन शेतं पलीकडे. धान उकडायची भट्टी तुसावर चालायची. उंच धुराड्यातून पिवळट राखाडी धूर निघायचा, हिवाळ्यात वारा नसला की वर न जाता गावावरच पसरायचा, पातळ, मच्छरदाणीसारखा. उकडलेल्या धानाचा तो गोडसर वास गावाच्या अंगाचाच वास होता. परगावी गेल्यावर तो नसला की पिंपळटोल्याच्या माणसाला चुकल्यासारखं व्हायचं. आणि त्या जाळीतून सूर्य थोडा पिवळा दिसतो, हे तिथे कोणाच्या डोळ्यांना वेगळं दिसतच नव्हतं.

“चंद्रकांताबाई,” सर हळूच म्हणाले, “हा धूर रोज असतो?”

“असते ना जी.”

“मग तुम्ही वहीत निरभ्र काहून लिहिलं?” ते चिडले नव्हते, पण घाईत गावची भाषा तोंडात आली होती.

ती गोंधळली. तिला प्रश्नच कळेना. “सर, रकान्यात तुमी ढग विचारले होते. ढग नव्हतेच. अन् धूर तर मिलचा हाये. आकाश काय मिलचं हाये?”

सर तिच्याकडे बघून हसायला लागले. हसता हसता खोपटीच्या कुडाला टेकले. खाली शेवंताबाईने मुलाला विचारलं, “शाम्याले ऊन लागलं का?”

“चूक माझीच,” डोळे पुसत सर म्हणाले. “रकाना मीच आखला. इथे जन्मलो, याच धुरात शाळेत गेलो, आणि तीन वर्षं मंगळवारीच येत राहिलो. मला माझ्या गावाचा धूर दिसला नाही, तर उपग्रहाला काय दिसणार? त्याला भंडारा, मोहाडी, तुमसर सगळं मिळून एक ठिपका. ओझोन दिसतो, ढग दिसतो. जमिनीलगतचा हा पातळ धूर त्याच्या हिशेबातच नाही. तो म्हणतो, एवढे किरण पोचले असतील. तुम्ही म्हणता, एवढेच पोचले. बाई, तुमचंच खरं आहे.”

“अन् उपग्रहाचं?”

“त्याचंही खरं. मंगळवारी.”

त्या दुपारी सर शेवंताबाईच्या हातची आंबाडीची भाजी आणि भाकर जेवले, आणि दोन वेळा वाढून घेतली. निघताना त्यांनी नवीन वही काढली, पट्टी घेतली, आणि स्वतःच्या हाताने सहा रकाने आखले. वार, तारीख, वेळ, काटा, आकाश, धूर. वार पहिला.

अहवाल गेला. त्यात पिंपळटोल्याच्या पाचही वह्या होत्या, एकही वगळली नव्हती. शेवटच्या पानावर आभाराच्या ओळीत ‘श्रीमती चंद्रकांता टेकचंद, निरीक्षक’ असं छापून आलं. टेकचंद तो कागद महिनाभर खिशात घालून फिरला. चहाच्या टपरीवर काढून दाखवायचा आणि म्हणायचा, “माहं नाव मधात हाये, वाचा.”

ते दिवस आता फार मागे राहिले. यंत्र आणखी पाच वर्षं चाललं. १९८८च्या उन्हाळ्यात वावटळीत खांब पडला, घुमटी फुटली. “अखेर फुटलं वो अंडं,” टेकचंद म्हणाला, आणि या वेळी दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

शेवंताबाई त्याच्या पुढच्या वर्षी गेली, मंगळवारी. बाजाराला आलेली आसपासच्या गावांतली माणसं तशीच अंगणात आली.

लक्ष्मणरावांना धुराचं कळलं तेव्हा ते आधी बिथरले होते, सरकार मिल बंद करते की काय म्हणून. कोणी आलं नाही. पुढे मुलांच्या वाटण्यांत मिलच बंद पडली. धुराडं बरीच वर्षं उभं होतं, त्यावर पोपट बसायचे.

श्यामराव निवृत्त होऊन नागपुरातच राहिले. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, तारखेआधी वार लिहिलेलं. एका दिवाळीला आलं नाही.

टेकचंदचा माग पॉवरलूमच्या कापडापुढे टिकला नाही. त्याने तो विकला नाही, उभाच ठेवला. सकाळी उठून त्यावर हात फिरवायचा. तोही आता नाही.

चंद्रकांता आहे. गच्ची आहे. तिचा गिलावा उडालाय, पण वह्या कोरड्या खोलीत, लोखंडी पेटीत आहेत. आता गावावर धूर नाही, आकाश आठही प्रहर स्वच्छ असतं, आणि डिसेंबरच्या दुपारी अंगणात बसलं की ऊन कातडीला जरा जास्तच चावतं, असं तिला वाटतं. मोजायला काही नाही, म्हणून ती तसं कोणाला सांगत नाही. कधीतरी कुठे कोणी चुलीवर धान उकडायला ठेवलं, की ती काम सोडून दारात येऊन उभी राहते.

पोस्टात, तहसीलात, गॅसवाल्याकडे कुठलाही फॉर्म भरायचा झाला की तिथला कारकून सांगतो, आजी, इथे नुसती तारीख लिहा. ती मान डोलावते, तारीख लिहिते, आणि मग पेन जरा डावीकडे नेऊन समासात बारीक अक्षरात वार लिहिते.